राखणदाराचे कान

संस्कृत सुभाषितकारांनीं विद्यार्थ्याचीं जीं पांच लक्षणें सांगितलीं, त्यांत ‘श्वाननिद्रा’ हें एक आहे. पाठशाळांतून आणि पुढें शाळांतून कित्येक पिढ्यांनीं हा शब्द घोकला. झोंप कुत्र्यासारखी सावध असावी, पाचोळा वाजला तरी डोळा उघडावा, असा त्याचा आशय. परंतु ही उपमा देणाऱ्यानें कुत्र्याचें तरुणपणच तेवढें पाहिलें असावें. दहाबारा वर्षांचा कुत्रा अंगणांत निजला आहे, धनी दारांतून आंत येतो, नांवानें हांक मारतो आणि कुत्रा कानसुद्धां हलवीत नाहीं, हें दृश्य ज्या घरांत कुत्रा म्हातारा झाला आहे त्या घरास नवें नाहीं. श्वाननिद्रा तेथें संपलेली असते. ज्या गुणासाठीं माणसानें या प्राण्याला दाराशीं जागा दिली, तोच गुण वयानें हिरावून नेलेला असतो. मग त्या प्राण्याचें आणि घराचें नातें काय उरतें? प्रश्न घरगुती दिसतो. परंतु महाराष्ट्राच्या इतिहासांत निरनिराळ्या काळीं त्याचीं निरनिराळीं उत्तरें मिळालीं आहेत, आणि तीं पाहण्यासारखीं आहेत.

कुत्रा माणसाच्या सोबतीला आला तो शेतीच्याहि आधीं, गाय, बैल आणि घोडा यांच्या कितीतरी पूर्वीं. माणसाची झोंप गाढ आणि लांडग्याच्या या वंशजाची हलकी. या दोहोंचा मेळ बसला आणि करार झाला. ऋग्वेदांत इंद्राची दूती सरमा पणींनीं लपविलेल्या गाईंचा माग काढीत रसा नदीपलीकडे जाते. तिच्याच नांवावरून कुत्र्याला सारमेय म्हणूं लागले. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांतला. त्यांत राजाच्या करमणुकी सांगतांना शिकारी कुत्र्यांसाठीं ‘सारमेयविनोद’ असें एक स्वतंत्र प्रकरण दिलेलें आहे. जेजुरीच्या खंडोबाच्या तसबिरींत घोड्याबरोबर कुत्रा धांवतांना दिसतो, आणि दत्तात्रेयाच्या पायांशीं जे चार कुत्रे असतात ते चार वेद मानले जातात. ज्या समाजांत कुत्र्याचा स्पर्श पुष्कळांना चालत नसे, त्याच समाजानें त्याला देवाच्या पायांशीं मात्र नि:शंकपणें बसविलें.

देवाच्या पायांशीं बसलेला हा प्राणी व्यवहारांत राबे तो रात्रीचा. शिकारीचें काम नाकाचें आणि डोळ्यांचें, पण राखणीचें काम मुख्यत: कानाचें. देशावरून कोंकणांत आणि कोंकणांतून परत देशावर जाणाऱ्या धनगरांच्या मेंढ्या रात्रीं जाळ्याच्या कुंपणांत दाटीनें उभ्या राहतात. कुंपणाबाहेर लांडग्याचें पाऊल वाजलें तर तें प्रथम कुत्र्याला ऐकूं येतें. पुण्याच्या जुन्या वाड्यांचे दरवाजे भक्कम, त्यांना आंतून अडसर, आणि देवडीवर पहारेकरी. तरी पहारेकऱ्याला डुलकी लागली म्हणजे बोळांतल्या कुत्र्याच्या भुंकण्यावरच आळी जागी होई. या चाकरीचा मोबदला म्हणजे उरलेली भाकरी. तरुण कुत्र्याच्या बाबतींत हा हिशेब बरोबर जुळतो. कान गेल्यावर तो कसा मांडावयाचा, हाच खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचें राजदरबारीं दिलेलें एक उत्तर सातारच्या छत्रपति शाहू महाराजांच्या नांवावर आहे. शाहू महाराज १७०७ सालीं मोगलांच्या कैदेंतून सुटून आले आणि १७४९ च्या डिसेंबरांत निवर्तेपर्यंत त्यांनीं राज्य केलें. त्यांना शिकारीचा आणि कुत्र्यांचा मोठा शोक होता. त्यांचा आवडता कुत्रा खंड्या. वाघाच्या शिकारींत एकदां या खंड्यानें महाराजांचे प्राण वांचविले. पुढें सातारा येथें इंग्रजांचा प्रतिनिधि म्हणून राहिलेला ग्रँट डफ यानें १८२६ सालीं मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला. त्यांत तो सांगतो कीं, महाराजांनीं त्या कुत्र्याच्या नांवें जहागिरीच्या सनदा करून दिल्या आणि त्याला पालखीचा मान दिला. त्या पालखीचा सरंजामहि चालू ठेवण्यांत आला होता. एकदां तर भर दरबारांत त्याच्या अंगावर जरीचें वस्त्र आणि जवाहीर घालून महाराजांनीं आपली पगडी त्याच्या मस्तकीं ठेविली.

ग्रँट डफनें ही हकीकत महाराजांच्या चळलेल्या बुद्धीची लहर म्हणून दिली आहे. पगडीच्या प्रसंगाबद्दल त्याचें म्हणणें कोणी खोडून काढूं नये. परंतु जहागीर आणि पालखी यांची गोष्ट निराळी आहे. मराठेशाहींत धन्याचे प्राण राखणाऱ्याला इनाम मिळणें हा रिवाजच होता. लढाईंत पडलेल्या शिपायाच्या मुलांना बालपरवेशी मिळे. तीं मुलें दुसऱ्या दिवशीं तलवार घेऊन हजर राहतील अशी अपेक्षा कोणी करीत नसे. इनाम हें झालेल्या सेवेचें असतें, पुढच्या पहाऱ्याचें नव्हे. शाहू महाराजांनीं या रिवाजांत एका मुक्या सेवकाला सामील करून घेतलें, एवढाच काय तो फरक. साताऱ्याजवळ कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावर माहुली येथें राजघराण्यांतील समाधींच्या सान्निध्यांत खंड्याचीहि समाधि आहे.

रायगडावर शिवछत्रपतींच्या समाधीपुढें वाघ्या कुत्र्याचें जें स्मारक आहे तें १९३६ सालीं उभारलें गेलें. वाघ्याच्या स्वामिनिष्ठेची कथा महाराष्ट्रांत घरोघर माहीत आहे. परंतु शिवकालीन कागदपत्रांत तिला आधार सांपडत नाहीं, आणि म्हणूनच त्या स्मारकाविषयीं अनेकदां वाद झाला. इतिहासाच्या अभ्यासकानें खंड्या आणि वाघ्या यांना एका मापानें मोजूं नये. मात्र एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. वाघ्याच्या कथेंत कुत्र्यानें धन्यासाठीं काय केलें तें सांगितलें आहे. खंड्याच्या हकीकतींत धन्यानें कुत्र्यासाठीं काय केलें तें नोंदलेलें आहे. पहिली गोष्ट सांगायला सोपी, दुसरी करायला कठीण.

यानंतर शंभर वर्षेंहि झालीं नाहींत तोंच मुंबईंत अगदीं उलट हिशेब मांडला गेला. मोकाट कुत्रीं वर्षांतील ठरावीक मुदतींत मारण्याचा सरकारी नियम तेथें होता. १८३२ सालीं ती मुदत वाढविण्यांत आली, आणि मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागें आठ आणे मिळूं लागले. बक्षिसीच्या लोभानें शिपाई पाळीव कुत्र्यांवरहि हात टाकतात, अशी ओरड झाली. पारशी धर्मांत कुत्र्याला मोठें स्थान आहे. मृत देहावर कुत्र्याची दृष्टि पाडण्याचा ‘सगदीद’ हा त्यांचा अंत्यविधींतील आचार आहे. ६ जून १८३२ रोजीं पारशी जमाव शिपायांवर चालून गेला. दुसऱ्या दिवशीं हिंदु आणि जैन व्यापारीहि सामील झाले, दुकानें बंद पडलीं, गोऱ्या फौजेची रसद अडली, आणि शेवटीं लष्कर बाहेर काढावें लागलें. पुढें तडजोड निघाली ती कुत्र्यांना मारण्याऐवजीं शहराबाहेर नेऊन सोडण्याची.

दोनच वर्षांनीं, १८३४ सालीं, जमशेटजी जीजीभाई आणि शेठ मोतीशा यांच्या पुढाकारानें मुंबईची पांजरपोळ स्थापन झाली. लंगडीं, आंधळीं, म्हातारीं, कोणाच्याहि उपयोगाचीं न राहिलेलीं जनावरें तेथें मरेपर्यंत पोसलीं जात. पुढें परळ येथें दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगींतून बाई साकरबाई यांच्या नांवाचें जनावरांचें रुग्णालय निघालें, आणि १८८६ सालीं तेथेंच मुंबईचें पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें. आठ आण्यांपासून रुग्णालयापर्यंतची ही चाल पन्नासएक वर्षांची आहे, आणि ती मुंबईकरांना भूषणावह आहे. परंतु पांजरपोळ कितीहि चांगली असली तरी बहिऱ्या झालेल्या कुत्र्याचें तेथें भागत नाहीं. गाईला चारा आणि छप्पर मिळालें कीं ती निभावून नेते. कुत्र्याला माणूस लागतो. ऐकूं येईनासें झालें म्हणजे ओळखीचा उंबरठा, ओळखीचा वास आणि ओळखीचा हात एवढ्यांवरच त्याचें जग उभें राहतें. तें जग आयत्या वेळीं बदललें तर त्याचा आधारच सुटतो. म्हणून या प्रश्नाचें उत्तर संस्थेनें नव्हे, घरानें द्यावयाचें आहे.

उत्तर नीट द्यावयाचें तर कुत्र्याचा कान समजला पाहिजे. १८७६ च्या सुमारास फ्रॅन्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञानें अतिशय उंच सूर काढणारी एक बारीक शिटी तयार केली. ती हातांतील काठीच्या टोंकांत बसवून तो प्राणिसंग्रहालयांतल्या पिंजऱ्यांजवळून आणि रस्त्यांतल्या कुत्र्यांजवळून ती वाजवीत जाई. माणसांना कांहींच ऐकूं येत नसे, कांहीं कुत्रे मात्र मान वळवीत. माणसाचा कान सेकंदाला सुमारें २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनि ऐकतो. कुत्र्याचा कान सुमारें ४५,००० कंपनांपर्यंत पोंचतो. हें सामर्थ्य आंतल्या कानांतील शंखाकृति पोकळीमधल्या अतिसूक्ष्म केशपेशींचें आहे. वयोमानानें या पेशी नष्ट होतात, आणि सस्तन प्राण्यांत त्या पुन्हां उगवत नाहींत. माणसाचें आणि कुत्र्याचें म्हातारपण या बाबतींत सारखेंच आहे.

हा ऱ्हास साधारणपणें वयाच्या आठव्या ते दहाव्या वर्षापासून जाणवूं लागतो, आणि तो सगळ्या सुरांना एकदम ग्रासत नाहीं. मध्यम आणि उंच पट्टीचे आवाज आधीं जातात, खर्जांतले मागाहून. याच गोष्टीमुळें घरोघर या प्राण्यावर अन्याय होतो. दाराची घंटा वाजली तरी तो उठत नाहीं, मुलांच्या बारीक आवाजांतल्या हांकेला ओ देत नाहीं. पण कोणी दार धाडकन् लोटलें तर चटकन् मान वर करतो. घरांतील माणसें म्हणतात, ऐकूं येतें, पण म्हातारा हट्टी झाला आहे. मग रागावणें येतें, कधीं साखळीला हिसका बसतो. कुत्र्याला शब्द ऐकूं आलेला नसतो. रागावलेला चेहरा मात्र स्पष्ट दिसतो. जन्मभर आज्ञा पाळलेल्या प्राण्याला आपण कोठें चुकलों हेंच कळत नाहीं. बहिरेपणापेक्षां हा गैरसमज त्याला अधिक जाचतो.

म्हणून पहिली गोष्ट पारख. कुत्रा पाठमोरा असतांना, सावली किंवा वारा त्याच्यापर्यंत न जाईल अशा अंतरावरून निरनिराळे आवाज करून पाहावे, आणि कोणत्या आवाजाला कान हलतो तें ध्यानांत ठेवावें. दुसरी गोष्ट पशुवैद्याची भेट. सगळेंच बहिरेपण वयाचें नसतें. कानांत मळ साठणें, पावसाळ्याच्या दमट हवेंत लोंबत्या कानांच्या कुत्र्यांना होणारी सूज आणि स्राव, यांमुळेंहि ऐकूं येईनासें होतें, आणि त्यावर इलाज आहे. घरच्या घरीं कानांत काडी घालणें किंवा ऐकीव तेलें ओतणें मात्र कटाक्षानें टाळावें.

कान परत येणार नाहींत असें ठरल्यावर उरलेल्या इंद्रियांकडे वळावयाचें. येथें पुण्याचें उदाहरण उपयोगी पडतें. राज्य पोलिसांच्या गुन्हे अन्वेषण विभागाचें श्वान-प्रशिक्षण केंद्र पुण्यास आहे. तेथें तयार झालेला झंजीर नांवाचा लॅब्राडॉर कुत्रा १९९२ च्या अखेरीस मुंबईच्या बॉम्बशोधक पथकांत दाखल झाला. १९९३ सालच्या बॉम्बस्फोटांच्या काळांत आणि नंतर त्यानें नुसत्या वासावरून तीन हजार किलोहून अधिक स्फोटक द्रव्य हुडकून दिलें, आणि असंख्य लोकांचे प्राण वांचविले. १६ नोव्हेंबर २००० रोजीं तो हाडाच्या कर्करोगानें मरण पावला, तेव्हां पोलिसांनीं त्याला सन्मानानें निरोप दिला. कुत्र्याचें नाक म्हणजे काय चीज आहे तें झंजीरनें दाखवून दिलें. कान मंदावले तरी नाक बहुधा पुष्कळ काळ शाबूत राहतें. म्हाताऱ्या कुत्र्याचा मार्ग नाकानेंच काढावा लागतो, आणि हालचाल टिपणाऱ्या त्याच्या डोळ्यांची त्याला जोड द्यावी लागते.

कुत्रा माणसाच्या हाताकडे पाहून अर्थ लावण्यांत इतर बहुतेक प्राण्यांपेक्षां हुशार आहे. तळहात खालीं दाबला म्हणजे ‘बस’, तळहात समोर धरला म्हणजे ‘थांब’, हात छातीकडे ओढून घेतला म्हणजे ‘ये’. अशा पांचसहा खुणा म्हातारा कुत्राहि कांहीं आठवड्यांत शिकतो. थोडें ऐकूं येत असतांनाच शब्द आणि खूण जोडीनें द्यावी, म्हणजे शब्द गेला तरी खूण मागें राहते. खुणा मोठ्या, ठाशीव आणि उजेडांत असाव्या, कारण वयाबरोबर दृष्टीहि मंदावते. घरांतील प्रत्येकानें तीच खूण वापरावी; आजोबांची एक आणि नातवाची दुसरी असें झालें तर कुत्रा गोंधळतो. ‘शाबास’ म्हणण्याचीहि एक खूण ठरवावी. इतकीं वर्षें जें कौतुक कानानें मिळालें, तें एकाएकीं बंद झालें तर त्याला चुकल्यासारखें होतें. संध्याकाळीं अंगणांतून बोलावण्यासाठीं दिवा दोनतीनदां लावून विझविला तरी पुरतो.

सर्वांत अधिक जपावयाचें तें झोंपेंतून उठवितांना. या कुत्र्याची झोंप आतां माणसासारखी गाढ झालेली असते. पाठीमागून येऊन एकदम हात लावला तर तो दचकतो, आणि दचकलेला अत्यंत सालस कुत्राहि चावा घेऊं शकतो. त्यांत त्याचा दोष नाहीं. दूर उभें राहून जमिनीवर पाय आपटावा, म्हणजे कंप त्याच्या अंगाला जाणवतो. किंवा हाताची मूठ नाकासमोर धरून वास पोंचेपर्यंत वाट पाहावी. नंतर खांद्याला हळूच स्पर्श करावा, तो नेहमीं एकाच ठिकाणीं, आणि डोळा उघडतांच एखादा आवडीचा घांस द्यावा. कांहीं दिवसांत हा स्पर्श त्याला सुखाची वार्ता वाटूं लागतो. लहान मुलांना हें विशेष समजावून द्यावें. त्याचें अंथरूण वाटेंत नसावें. पाठ भिंतीला आणि तोंड दाराकडे राहील अशा कोंपऱ्यांत असावें, म्हणजे कोण आलें, कोण गेलें तें पडल्यापडल्या दिसतें. घराबाहेर जातांना त्याला स्पर्श करून जावें. तसें न केलें तर जाग आल्यावर तो खोल्याखोल्यांतून माणसांना हुडकीत फिरतो. तीं बाहेर गेलीं हें त्याला कोणी सांगितलेलें नसतें.

रस्त्याची गोष्ट वेगळी सांगावयास हवी. पुण्याच्या बोळांतून दुचाकी वाहनें कोणत्या दिशेनें येतील याचा भरंवसा डोळस आणि कानसेन माणसालाहि देतां येत नाहीं. बहिऱ्या कुत्र्याला तेथें क्षणभरहि मोकळें सोडूं नये. वेताळ टेकडीवर वर्षानुवर्षें मोकळा धांवलेला कुत्रा असला तरी आतां लांब दोरी हवी, कारण मागून दिलेली हांक त्याच्यापर्यंत पोंचत नाहीं. गळ्यांतील पट्ट्यावर धन्याचा दूरध्वनि क्रमांक आणि ‘ऐकूं येत नाहीं’ एवढे शब्द असावे. घरांत दुसरा तरुण कुत्रा असेल तर म्हातारा पुष्कळदां त्याच्याकडे पाहून चालतो. तो उठला कीं हाहि उठतो. मात्र दोघांचें खाणें वेगळें ठेवावें, नाहींतर न ऐकूं आलेल्या गुरगुरण्यावरून तंटा होतो.

एवढें सगळें एका जनावरासाठीं कशाला, असें विचारणारे पूर्वींहि होते आणि आजहि आहेत. कायद्याचें उत्तर स्पष्ट आहे: १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानें पाळलेल्या प्राण्याची नीट निगा राखणें हें धन्याचें कर्तव्य ठरविलें आहे, आणि सबळ कारणावांचून त्याला उपासमार होईल अशा स्थितींत टाकून देणें हा गुन्हा आहे. परंतु इतिहासाचें उत्तर कायद्याहून जुनें आहे. सातारच्या दरबारानें झालेल्या सेवेची किंमत जहागिरीनें मोजली. मुंबईच्या कोतवालीनें ती आठ आण्यांवर आणली, आणि शहरांतील लोकांनीं तो भाव नाकारला. आजच्या घरांत खंड्याच्या पालखीला जागा नाहीं आणि तिची जरुरीहि नाहीं. दहा वर्षें ज्यानें घराच्या झोंपेवर पहारा केला, त्याची स्वत:ची झोंप आतां गाढ झाली आहे. तिच्यावर घरानें पहारा करावयाचा आहे. त्यासाठीं खर्च लागतो तो थोड्या सबुरीचा, पांचसहा खुणांचा, आणि उठवितांना नाकापुढें क्षणभर थांबणाऱ्या हाताचा.